एकतीस ठोके

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक तीन वर्षं माझ्या मागे लागले आहेत. घाटगेकाकू, तुम्ही रेकॉर्डच्या कारखान्यात आहात, काहीतरी छान लिहा, संगीत आणि जर्मनी आणि आपण, असं काहीतरी गोड. मी दरवर्षी हो म्हणायची आणि विसरल्यासारखं करायची. गोड लिहिण्यासारखं असतं तर पहिल्याच वर्षी दिलं असतं. माझ्याकडे जे आहे ते रागाचं आहे, आणि दिवाळीत लोकांच्या फराळात आपला राग कशाला, म्हणून गप्प होते. पण या मार्चमध्ये मी निवृत्त झाले, आणि शेवटच्या दिवशी ऑफिसात जे झालं त्यानंतर गप्प बसणं मला जमेना.

मी मूळची हुपरीची. कोल्हापूरजवळचं हुपरी म्हणजे चांदीचं गाव. आमच्या घरी पैंजणांना उजाळा द्यायचं काम चाले. आमचे आबा तयार पैंजण कानाजवळ नेऊन एकदाच हलवायचे आणि मुकं घुंगरू कुठलं ते बोट ठेवून दाखवायचे. कोल्हापुरात रसायनशास्त्राची पदवी घेतली, लग्न झालं आणि पंचाहत्तर साली न्युरेम्बर्गला आले. आमचे हे इथल्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर. मुक्ता शाळेत जायला लागली तशी घरात बसून मी वैतागले. पेपरात जाहिरात आली की शहराबाहेरच्या रेकॉर्डच्या कारखान्यात ग्यालव्हानिक विभागात, म्हणजे मुलाम्याच्या कामाला, माणूस हवा आहे. मुलाखतीत तिथल्या मास्टरने विचारलं, हौदातलं द्रावण बिघडतंय हे तुम्हाला कसं कळेल? मी म्हटलं, आधी वासाने, मग रंगाने, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या यंत्राने. दुसऱ्या सोमवारपासून कामावर गेले आणि पंचवीस वर्षं तिथेच राहिले.

बाहेरच्या माणसाला हे काम एवढं कळलं तरी पुरे. स्टुडिओतून आमच्याकडे एक काळी गुळगुळीत तबकडी येते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर, आणि त्या थरात बाहेरून आत गोल गोल जाणारी एकच लांबलचक खाच. सगळं संगीत त्या खाचेच्या दोन भिंतींच्या वळणांत असतं. ही तबकडी धुवायची, तिच्यावर चांदीचा फवारा मारायचा आणि निकेलच्या हौदात टांगायची. काही तासांनी वर निकेलचा पत्रा जमतो, तो सोलून काढायचा. तो उलटा असतो, म्हणजे खाचेच्या जागी उंचवटा. त्याला म्हणायचं बाप. बापावर पुन्हा निकेल चढवून सोललं की सुलटा पत्रा निघतो, ती आई. आईवरून परत उलटा निघतो तो मुलगा, आणि हे मुलगे दाबयंत्रात बसून गरम प्लास्टिकवर रेकॉर्डी छापतात. ही नावं मी दिलेली नाहीत, जर्मन लोकांचीच आहेत. मुलगी का नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं तर सगळे हसले.

या घराण्यात वाजवून बघता येते ती आई. म्हणून दोष काढायचा तो तिच्यातच. एखादा कण अडकला की खाचेत बारीक पुळी उठते आणि सुई तिथून गेली की टक् असा आवाज येतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा शोधायची आणि पोलादी टोचणीने नेमकी पुळी खरवडायची, भिंतीला धक्का लागू न देता. खाच केसाहून बारीक असते. माझा हात या कामात कारखान्यात सगळ्यांत चांगला होता. उगाच विनय दाखवत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात या चांगल्या हाताचाच दोष आहे.

दुसरा दोष ओरखड्याचा. पत्र्यावर आडवा ओरखडा गेला असेल तर रेकॉर्ड फिरताना सुई तो प्रत्येक फेऱ्याला एकदा ओलांडते. फेऱ्याला दोन सेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो. म्हणजे तेवढ्या वेळाने टक्, पुन्हा तेवढ्याच वेळाने टक्. हा आवाज मी इतका ऐकलाय की पाहुण्यांकडे भिंतीवरचं घड्याळ वाजलं तरी मला अस्वस्थ व्हायचं.

एक गिऱ्हाईक मला या बाबतीत गुरूच्या जागी आहे. फ्रांकेनमधल्या एका खेड्यातले पाद्री होते. त्यांना आपल्या चर्चच्या पाच घंटांची रेकॉर्ड काढायची होती, गाव सोडून गेलेल्या लोकांना भेट द्यायला. तिसऱ्या घंटेच्या मागे एक कर्कश आवाज होता. मी फोन करून विचारलं, हे काय आहे, आमच्या बाजूने काही बिघडलंय का? पाद्रीबुवा म्हणाले, तो कावळा आहे, तो तिथेच राहतो, त्याला राहू द्या. तेव्हापासून मी माझ्यापुरता नियम केला होता की काढण्याआधी विचारायचं. हा नियम मी वीस वर्षं पाळला आणि जिथे सगळ्यांत जास्त गरज होती तिथे मोडला.

दोन हजार पाचचा हिवाळा असेल. विनाइल मेलं, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. आमच्याकडे यायची ती क्लबातल्या धाडधाड संगीताची कामं, नाहीतर हौशी लोकांची. त्यात एका छोट्या कंपनीचं काम आलं. एका इंग्रज संगीतकाराची सिंफनी, दोन रेकॉर्डी, चार बाजू. संगीतकार ऐंशीच्या पुढचे. ही आपली शेवटची, असं त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. वाजवली होती जर्मनीतल्याच एका वाद्यवृंदाने. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते रेकॉर्डच्या वेष्टनावर आहे आणि तिथेच शोभतं.

आमच्या गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट. माणूस टापटिपीचा, शर्टाच्या खिशात चार पेनं, बोलताना दर वाक्याला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. त्यांनी चौथ्या बाजूची आई वाजवून पाहिली आणि माझ्याकडे चिठ्ठी पाठवली. आमच्याकडे पद्धत अशी की गिऱ्हाइकाचं पत्र, सूचना, सगळं एका पाकिटात ऑफिसात राहतं. कामगाराच्या हाती येतो तो फक्त लाउफत्सेटल, म्हणजे कामाबरोबर फिरणारी चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: चौथी बाजू, शेवटची दोन मिनिटं, ओरखडा, फेऱ्याला एक, काढणे. मी ती बाजू लावली. शेवटी वाद्यं एकेक करून थांबतात, तंतुवाद्यांचा एक सूर धुक्यासारखा उरतो, आणि त्यात टक्. मग टक्. अगदी फेऱ्याला एक. पाच-सहा ऐकले आणि सुई उचलली. पुढचं ऐकायची मला गरज वाटली नाही.

माझी चूक ही इथली. शेवटपर्यंत ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आई सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. खाली फिरता पाट असतो, त्यावर अंश कोरलेले. ओरखडा एका रेषेत असतो, त्यामुळे पहिला दोष सापडला की पाट न हलवता भिंग फक्त आत सरकवत जायचं, पुढचे दोष त्याच रेषेवर ओळीने भेटतात. तसेच भेटले. एक, दोन, तीन. पुळी मात्र दिसली नाही. खाचेच्या दोन्ही भिंती जरा वळून परत सरळ झालेल्या दिसल्या. पुळी भिंतीला चिकटलेली असते, भिंत कधी वळवत नाही, हे मला माहीत होतं. डोळ्यांना दिसलं, पण हात चालूच राहिला. संध्याकाळपर्यंत नऊ काढले, इतके सफाईने की माझं मलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहावा रेषेवर सापडेना. बोटभर पुढे सापडला. अकरावा त्याच्याही पुढे, बारावा आणखी. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा थोडा उशिरा येत होता. मी टोचणी खाली ठेवली. मग आई परत ग्रामोफोनवर लावली आणि उरलेलं पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. ठोके हळू होत होते. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं, वाढता वाढता इतकं की आता संपलं असं वाटावं आणि आणखी एक यावा. शेवटचा आला त्यानंतर काही नव्हतं. मोजले. काढलेले नऊ धरून एकतीस.

ओरखडा हळू होत नाही. यंत्र एकाच वेगाने फिरतं, ओरखडा काय दमतो का? हे कुणीतरी वाजवलेलं होतं.

मी तशीच फोग्टांच्या खोलीत गेले. त्यांच्या टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं, रेषेतून सरकणं, वळलेल्या भिंती, वाढतं अंतर. म्हटलं, गिऱ्हाइकाला एक फोन करा, नाहीतर पाकिटात काही लिहून आलंय का बघा. त्यांनी खुर्चीसुद्धा वळवली नाही.

"फेऱ्याला एक येतो म्हणजे ओरखडा. गेनाऊ?"

"सुरुवातीला येतो. मग हळू होतो, हेर फोग्ट. हळू होणारा ओरखडा मी अजून पाहिलेला नाही."

"आल्झो, फ्राऊ घाटगे, तुम्ही ग्यालव्हानिकमध्ये आहात. वाद्यवृंदात नाही." आणि आपल्याच विनोदावर हसून म्हणाले, "मंगळवारी नमुना जायला हवा."

मंगळवारी नमुना गेला. उरलेले बावीस ठोके मीच काढले. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो. फोग्टांनी सांगितलं हे खरं, पण त्यांना टोचणी धरता येत नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर कारखान्यात दुसरं कुणी ते करूच शकलं नसतं. मग का केलं? वीस वर्षांत वरच्याला नाही म्हणायची सवय लागली नव्हती हे एक. आणि दुसरं, जे मी कुणाला सांगितलेलं नाही: अर्धं काम टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं. नऊ काढून बावीस ठेवले तर ते माझ्या हाताला शोभलं नसतं. कारागिराचा गर्व म्हणतात तो हा. लोक त्याचं कौतुक करतात तेव्हा मला हसू येतं.

नमुना म्हणजे रेकॉर्डी छापायच्या आधी गिऱ्हाइकाला पसंतीसाठी पाठवायच्या मोजक्या प्रती. त्यातली एक संगीतकारांकडे इंग्लंडला गेली. दोन आठवड्यांनी तक्रार आली: चौथ्या बाजूच्या शेवटी डबल बास वाजवणाऱ्याने वाद्याच्या लाकडावर बोटाच्या सांध्याने दिलेले एकतीस ठोके आहेत, ते रेकॉर्डमध्ये नाहीत. दुरुस्त नमुना ताबडतोब पाठवा.

मला वाटलं, झालं गेलं, सुधारता येतंय हे नशीब. बाप शाबूत होता. त्याच्यावर निकेल चढवायचं, नवी आई काढायची, मुलगा काढायचा, छापायचं. हौदाचे तास धरून एक दिवस, फार तर दीड. मी त्याच दुपारी बाप कपाटातून काढून धुवून ठेवला. फोग्ट आले आणि म्हणाले, परत ठेवा. आधी कारण निश्चित व्हायला हवं. तक्रारीचा अर्ज कारणाचा रकाना भरल्याशिवाय बंद होत नाही, आणि अर्ज बंद झाल्याशिवाय नवं काम उघडत नाही.

सहा आठवडे. बाप कपाटात, मी हौदापाशी, आणि कारणाचा रकाना रिकामा. फोग्टांनी यंत्राचे कागद मागवले, पाण्याचे अहवाल मागवले, माझे पंधरा दिवसांचे लाउफत्सेटल मागवले. मी रोज विचारायची, आज करू का? रोज उत्तर यायचं, प्रक्रिया चालू आहे. या देशात मला पुष्कळ गोष्टी आवडतात. पण चूक सुधारण्याआधी ती कुणाच्या नावावर टाकायची ते ठरवायचं, हा उद्योग पाहिला की आजही माझं डोकं फिरतं. घरात नळ फुटला तर आधी पाणी बंद करतात की आधी चौकशी करतात?

शेवटी बैठक झाली. मॅनेजर, फोग्ट आणि मी. टेबलावर कामाचं पाकीट पडलं होतं. कुणी नको म्हणायच्या आत मी ते उघडलं. लॅकरच्या तबकडीबरोबर आलेलं एक पान आत होतं, घडीसुद्धा नीट न मोडलेलं. चार ओळी होत्या. त्यात लिहिलं होतं की चौथ्या बाजूच्या अखेरचे लाकडी ठोके हा सिंफनीचा भाग आहे, ते हळूहळू मंदावतात, कृपया दोष समजू नये. मी ते मोठ्याने वाचलं. माझं इंग्रजी कोल्हापूरचं, त्यामुळे सगळ्यांना नीट कळलं असणार.

मॅनेजर फोग्टांकडे बघू लागले. फोग्ट माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला शंका होती असं तुम्ही म्हणता. ती कुठे नोंदवली आहे?"

"तोंडी सांगितली. तुमच्या टेबलासमोर उभी राहून."

"मला आठवत नाही. लेखी काही आहे का?"

लेखी काही नव्हतं. रकाना भरला गेला: कामगाराकडून हाताळणीत चूक. मला आबमानुंग मिळाली, म्हणजे लेखी ताकीद, जी आपल्या फाइलीत राहते. पत्र कुणी वाचलं नाही याचा त्यात उल्लेख नव्हता. बाकी सगळं होतं, बाजू, तारीख, एकतीस ठोके, काढणारीचं नाव. आणि बैठक संपता संपता, कागद गोळा करत मॅनेजरनी सांगितलं की संगीतकार तीन आठवड्यांपूर्वी वारले. दुःखद आहे, पण या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, अहो, त्या ताकिदीवर मी सही करणार नाही. हे म्हणाले, करून टाक, सुनंदा, चार वर्षं राहिली आहेत, आपण इथे परके. तीस वर्षं राहून, घर घेऊन, कर भरून हे परकेच. मी त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही. मग मुक्ताला फोन केला. ती तेव्हा डार्मश्टाटला पीएच.डी. करत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण रागावली की बोलते जर्मनच. तिने सांगितलं की सही म्हणजे फक्त मिळाल्याची पोच, मान्य केलं असं नाही, आणि तुझी बाजू लिहून दिलीस तर ती त्यांना फाइलीत लावावीच लागते. गेगेनडारश्टेलुंग म्हणतात त्याला. मी मराठीत सांगत गेले आणि ती जर्मनमध्ये लिहीत गेली. मध्येच थांबून तिने विचारलं की आई, बावीस तू काढलेस हेही लिहायचं का? म्हटलं, तेच आधी लिही.

रकाना भरल्यावर दुसऱ्याच दिवशी नवी आई काढायची परवानगी आली. सकाळी बाप हौदात टाकला, दुसऱ्या सकाळी आई वाजत होती. एकतीसच्या एकतीस. माझ्याच कपाटात सहा आठवडे पडून होते ते.

रेकॉर्डी छापायच्या दिवशी संगीतकारांची मुलगी आली. पन्नाशीची, उंच, साधा कोट, नाव एलेनॉर. फोग्टांनी तिला कारखाना दाखवला, आणि मग इंग्रजी बोलणारं कुणी हवं म्हणून कँटीनमध्ये माझ्या समोर आणून बसवलं. मी कोण हे तिला सांगितलेलं नव्हतं. तीच बोलू लागली.

तिच्या वडिलांना शेवटच्या वर्षी कमी ऐकू यायला लागलं होतं आणि त्याची त्यांना भयंकर भीती होती. नमुना आला तेव्हा ते आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले, चाळीस वर्षांच्या आपल्या जुन्या ग्रामोफोनवर चौथी बाजू लावली. संपली. पुन्हा लावली. मग स्वतः सुई उचलून म्हणाले, "तर ते गेले." तिने विचारलं, काय गेलं? ते म्हणाले, "कान."

तिने स्वतः ऐकलं होतं. ती म्हणाली, बाबा, ठोके खरंच नाहीत, कारखान्यात काहीतरी चुकलंय. ते हसले आणि म्हणाले, तू लहानपणापासून प्रेमळ आहेस. जर्मन कारखान्यात तयार झालेल्या रेकॉर्डमधून एकतीस ठोके असे कसे नाहीसे होतील? कंपनीने सीडी करून पाठवली, त्यात त्यांना ठोके ऐकू आले, तर म्हणाले, बहिऱ्या म्हाताऱ्यासाठी आवाज मोठा करून दिलाय. त्यांना पटलं असतं ते एकाच गोष्टीने. तीच रेकॉर्ड, तोच ग्रामोफोन, तीच खुर्ची. म्हणून तिने तक्रारीत स्पष्ट लिहिलं होतं की वडील आजारी आहेत, घाई करा. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी घरात काही वाजवू दिलं नाही. पियानोला हात लावला नाही. आपले कान गेले हे मनाशी धरून ते वारले.

वडील आजारी आहेत, हे वाक्य मला कुणी दाखवलं नव्हतं. तेही पाकिटातच होतं.

तिने मग विचारलं, "एवढा वेळ का लागला? फार अवघड काम असतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तिलाही बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "एक दिवस लागतो. बाकीचे दिवस ते दोष कुणाचा हे ठरवत होते." आणि मग सांगितलं, "ते ठोके काढले मी. या हाताने. नऊ न कळता, बावीस कळून."

तिने कप बाजूला सारला. मग नवा नमुना ऐकायचा आहे म्हणाली. मी तिला ऐकण्याच्या खोलीत नेलं, चौथी बाजू लावली, दोघी उभ्या राहून ऐकली. ठोके सुरू झाले तशी तिची तर्जनी कोटाच्या बटणावर हलू लागली. शेवटच्यानंतर तिने आपणच सुई उचलली, कोट नीट केला आणि गेली. फोग्टांशी हात मिळवला, माझ्याशी नाही. मला राग आला नाही. आपला आपल्यावरचा राग दुसऱ्यानेही असा दाखवला की तो जरा खराखुरा होतो.

उरलेली चार वर्षं मी सगळं लेखी केलं. हौदाचा रंग बदलला, लेखी. भिंत वळलेली दिसली, लेखी. फोग्टांच्या टेबलावर माझ्या चिठ्ठ्यांचा ढीग व्हायचा आणि प्रत्येकीवर पोचेची सही घेतल्याशिवाय मी हलायची नाही. ते म्हणायचे, फ्राऊ घाटगे, तोंडी सांगितलं तरी चालेल. मी म्हणायची, मला आठवणार नाही.

आता या मार्चमधला शेवटचा दिवस. केक, फुलं, भाषण. त्यानंतर कर्मचारी विभागाच्या फ्राऊ लिंडनर यांनी मला आत बोलावलं. चांगली बाई, तिशीची, त्या प्रकरणाच्या वेळी कारखान्यात नव्हतीसुद्धा. मला प्रशस्तिपत्र दिलं आणि खास आनंदाची बातमी सांगावी तसं म्हणाली की तुमची ती जुनी आबमानुंग आम्ही फाइलीतून काढून टाकली आहे. मुदत उलटली की काढायचीच असते. तुमचं उत्तरही काढलं. तुमची फाइल आता अगदी स्वच्छ आहे.

मी म्हटलं, परत लावा.

तिला वाटलं तिचं जर्मन मला कळलं नाही. तिने पुन्हा सावकाश सांगितलं. मी पण सावकाश सांगितलं की मला कळलंय, ते दोन्ही कागद परत लावा. ती म्हणाली, पण हे तुमच्याच फायद्याचं आहे. मी म्हटलं, बाई, त्या ठोक्यांचं काय झालं हे या अख्ख्या इमारतीत तेवढ्या दोनच कागदांवर लिहिलेलं आहे. तक्रारीचा अर्ज बंद झाला, पाकीट गेलं, फोग्ट पेन्शनवर गेले. तेही काढलेत तर इथे काही झालंच नव्हतं.

ती गोरीमोरी झाली. हळूच म्हणाली, "ते कालच यंत्रात घालून फाडले. नियमच तसा आहे."

बाहेर हे गाडीत वाट बघत होते, मागच्या सीटवर उरलेला केक. काय झालं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, काही नाही, मला स्वच्छ केलं.

माझ्याकडची प्रत आहे, पण बाईच्या कपाटातल्या कागदाला कोण विचारतं? म्हणून इथे लिहिते आहे, छापून चार घरांत तरी राहील. चौथी बाजू, शेवटची दोन मिनिटं, एकतीस ठोके. काढायला सांगितले गुणवत्ता विभागाच्या हेर फोग्ट यांनी, ते हळू होतात हे कळल्यावरही. काढले मी, सुनंदा घाटगे हिने, नऊ न कळता, बावीस हेच कळल्यावर. ज्याचे होते तो आपलेच कान गेले असं समजून मेला.

संपादकांना विनंती, यातलं काही खरवडू नये.